एंगेज

चालू केलं की ते आधी तारीख विचारतं.
आतली बॅटरी मेलीय, त्यामुळे दर वेळी
सत्तावीस नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव, मध्यरात्र,
आणि शेजारी दोन बाण.
मी बाण दाबत बसते. वर्षं टकटक पुढे सरकतात,
पोस्टातला कारकून शिक्के मारतो तशी, मान वर न करता.

पांढरा डबा जुन्या दातासारखा पिवळा पडलाय.
झाकणावरचा निळा भोवरा तेवढा आहे तसा.
कंपनीने दोन हजार एकलाच हात वर केले.
मेमरी कार्ड सुरुवातीला किंचाळतं, त्याचेही सेल संपलेत,
पण आतली माझी योद्धा शाबूत:
लेव्हल एकसष्ट. नाव, मिरची.

गावाचं नाव हल.
बाबा म्हणायचे, नाव हल आणि माणसं जागची हलत नाहीत.
इथे टेलिफोनचे खोकेसुद्धा लाल नाहीत, सायीच्या रंगाचे.
फोन कंपनी गावाची स्वतःची;
लोकल कॉल एकदा लागला की हवं तेवढं बोला, पैसे तेवढेच.
बाबांना याचं भारी कौतुक.
पण आमचं लोकल होतं कोण?

ती सवलत मग मी वापरली.
जिन्याखालून तार ओढून डब्याच्या पाठीत खुपसली,
आणि वर्गात तोंड न उघडणारी पंधरा वर्षांची मी
रात्री एक वाजता ओसाकाच्या केंजीला,
ग्दान्स्कच्या कुणा नर्सबाईला
टाइप करून दटावायचे: मागे व्हा, हा माझा आहे!

त्या रात्री आम्ही चौघं, गुहेच्या पार तळाशी.
अजगराने झेप घेतली
आणि पडदा थबकला.
तो हवेत, माझी तलवार हवेत.
दोन सेकंद असतील.
मग सगळं परत सुरू.

मिरजेत तेव्हा सकाळचे साडेसहा.
शरयूआत्याचा हेमू एसटीडी बूथमध्ये उभा.
अकरा वेळा नंबर फिरवला म्हणे,
अकरा वेळा टूं टूं टूं.
बाबांना कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी,
हॉस्पिटलच्या फार्मसीत, कुणाची तरी खोकल्याची बाटली हातात असताना.

मला कुणीही काही बोललं नाही.
आठवड्याने एक माणूस आला
आणि दुसरी लाइन टाकून गेला.
माझ्या खोलीत, खिडकीखाली, नवाकोरा सॉकेट.
त्यात मी कधीच काही खुपसलं नाही.

आता तांब्याच्या ताराच गेल्या.
रस्ता खणून काचेच्या घातल्या.
खेळ बिचारा अजून डायल करू बघतो,
पलीकडचं दुकान केव्हाच उठलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
मग म्हणतो, एकट्याने खेळणार?
मी हो दाबते.

बाबा दारात. संत्रं सोलतायत.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही साल एका तुकड्यात उतरते त्यांची.
"हाच ना तो?"
"हाच."
"मारलात का शेवटी त्या रात्री?"
कुठली रात्र, असं विचारायची सोय नव्हती.
"मारला."

ते फोडीच्या शिरा काढत राहतात.
"मी फोन उचलला होता.
अक्काचं कसं आहे विचारावं म्हणून.
आत नुसती किरकिर, रातकिड्यांचा अख्खा माळ.
म्हटलं, पोर बोलतेय कुणाशी तरी.
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बोलतेय.
हळूच ठेवून दिला."

इतकी वर्षं मला वाटायचं,
ते दोन सेकंद म्हणजे खेळातला दोष.

मी खेळ थांबवलाय. अजगर हवेतच.
बाबा तळहातावर फोड ठेवतात.
"बी आहे त्यात," म्हणतात.